शेजार चषकाचा उरलेला खेळ

बाबांच्या दुखऱ्या खांद्याला शेक द्यायला मी त्यांचा सदरा काढला, तेव्हा उजव्या कुशीवर तो डाग दिसला. तळहाताएवढा, मध्ये काळानिळा, कडेला पिवळट. मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे गुडघे, मणके आणि आखडलेले खांदे यांत माझा जन्म गेला, त्यामुळे असे डाग मला नवे नाहीत. म्हातारी माणसं पडली तरी सांगत नाहीत. सांगितलं की घरात काठी येते, आणि काठी आली की एकट्याने बाहेर जाणं बंद होतं. म्हणून मी आडवळण न घेता विचारलं, कुठे पडलात. बाबा म्हणाले, पडलो नाही. मग हे काय, म्हटल्यावर त्यांनी मान वळवून स्वतःची कूस बघायचा प्रयत्न केला आणि "असेल काहीतरी" म्हणून सदऱ्यात हात घातला.

पुढच्या आठवड्यात कोपर सोलवटलेलं होतं. मग दोन्ही तळहात लालभडक, कुणीतरी छड्या मारल्यासारखे. आणि मग पोटरीवर ओळीने उमटलेले गोल ठिपके. त्या ठिपक्यांनी मात्र मी हबकले. माझ्याकडे कॉलेजात फुटबॉल खेळणारी मुलं येतात. बुटाच्या तळाचे खुंट लागले की मार कसा उमटतो, ते मला अंधारातही ओळखता येईल. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि घरात फुटबॉलचा बूट कित्येक वर्षांत आलेला नाही.

रक्त पातळ करायची गोळी त्यांना चालू होती, म्हणून आधी रक्त तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही. मग माझ्या मनात नको ते आलं. मी क्लिनिकमध्ये असताना दुपारी घरी फक्त स्वयंपाकाच्या बाई असतात. त्यांना मी इकडचे तिकडचे चार प्रश्न विचारले. त्या शहाण्या, प्रश्नामागचा प्रश्न त्यांना लगेच कळला. त्या म्हणाल्या, ताई, मी शपथेवर सांगते, मी त्यांच्या अंगाला कधी बोट लावलं नाही. पण दुपारी आजोबा झोपले की त्या खोलीत मी जात नाही. का, म्हटलं, तर म्हणाल्या, तिथे गार लागतं.

बाबांचं आधीचं आयुष्य थोडं सांगायला हवं. मला कळायला लागलं तेव्हापासून ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होते. अजूनही कुणाच्या गाडीत पुढे बसले की त्यांचा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबतो. पण त्याआधी ते आमच्या देशाच्या संघाचे गोलकीपर होते. त्या काळी वर्तमानपत्रवाल्यांनी त्यांना 'कुलूप' नाव ठेवलं होतं. त्यांचे जुने दोस्त घरी आले की दारातूनच हाक मारायचे, "कुलूप आहे का घरात?" आणि आई आतून म्हणायची, "आहे, पण किल्ली हरवलीय." यापलीकडे फुटबॉलचा विषय घरात निघत नसे. बाबांना त्या दिवसांबद्दल विचारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवसांची सगळी हकिगत मला कळली ती प्राध्यापकांकडून. हे गृहस्थ कॉलेजात इतिहास शिकवतात आणि शेजार चषकावर पुस्तक लिहितात. बोलका, हसरा माणूस. डाग दिसू लागले त्याच्या महिनाभर आधी ते बाबांना भेटायला आले होते, आणि बाबा तोंड उघडेनात म्हणून शेवटी माझ्याशीच बोलत बसले.

आमच्या उपसागराभोवती चार देश आहेत. चौघांचंही एकमेकांशी सख्ख्या चुलत भावांसारखं, म्हणजे बोलणं कमी आणि हिशेब जास्त. अशा चार देशांच्या फुटबॉल संघटनांचे अध्यक्ष एकदा एका जहाजाच्या समारंभात एका टेबलावर आले. जेवणाच्या शेवटी त्यांनी ठरवलं की दर दोन वर्षांनी आपली एक स्पर्धा घ्यायची. चषक एका मीठवाल्या व्यापाऱ्याने दिला. पहिल्याच स्पर्धेत एक संघ मच्छीमार होडीतून आला, अकराच्या अकरा जणांना बोट लागली, आणि पोटं धरून खेळत ते सात गोलांनी हरले. पुढे कधीतरी चषकाचं झाकण हरवलं, तर जिंकलेल्या संघाने पातेल्याचं झाकण लावून फोटो काढून घेतला. प्राध्यापकांनी तो फोटोही दाखवला. लोकांचा जीव होता त्या स्पर्धेवर. बंदरांतली दुकानं बंद ठेवून माणसं सामन्याला जात.

पुढे समुद्रातल्या हद्दीवरून आमचं आणि नदीपलीकडच्या देशाचं बिनसलं. नेमके त्याच वर्षी अंतिम सामन्यात तेच दोन संघ आले. सामना आमच्या शहरात होता. एक-एक बरोबरी, शेवटची काही मिनिटं उरलेली, आणि समुद्रावरून धुकं आलं. असं तसं नाही, पलीकडचा गोल दिसेना असं. रेफरीने खेळ थांबवला आणि उरलेला खेळ उद्या सकाळी होईल असं सांगितलं. सकाळी पाहुण्यांचा संघ नव्हता. त्यांच्या सरकारने त्यांना परत बोलावून घेतलं होतं. महिनाभरात सीमा बंद झाली आणि पावसाळा संपायच्या आत लढाई पेटली. शेजार चषक त्यानंतर कधीच झाला नाही. लढाई संपली, करार झाले, नवीन मोठ्या स्पर्धा आल्या, आणि हा चषक कुठल्याशा कपाटात राहिला. यादीत त्या वर्षापुढे एवढंच असतं: अंतिम सामना अपूर्ण.

प्राध्यापकांना त्या सामन्याची फिल्म मिळाली होती. ती त्यांनी आमच्या बैठकीच्या खोलीत लॅपटॉपवर लावली. आवाज नव्हता. तरणेबांड बाबा गोलात उभे होते, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि चित्र हळूहळू पांढरं होत गेलं. शेवटी पडद्यावर नुसता पांढरेपणा राहिला तरी बाबा बघत होते. प्राध्यापकांनी लॅपटॉप मिटला तेव्हा ते म्हणाले, "चालू होतं ना?" प्राध्यापक म्हणाले, नाही काका, फिल्म संपली.

हे सगळं मी तेव्हा जोडलं नव्हतं. स्वयंपाकाच्या बाईंचं बोलणं ऐकल्यावर मी एका दुपारी क्लिनिक लवकर आटोपून घरी आले. ऊन मी म्हणत होतं. बाबा जेवून त्यांच्या खोलीत आरामखुर्चीत झोपले होते. मी पलंगावर बसून राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. रस्त्यावर कुणीतरी लोखंडी सळ्या उतरवत होतं, त्यांचा खणखणाट येत होता. मग तो आवाज दूर गेल्यासारखा झाला, आणि मला थंडी वाजली. बाबांच्या तोंडातून वाफ निघत होती. पांढरे केस ओले दिसू लागले, भुवयांवर बारीक थेंब जमले. त्यांचे हात मांडीवरून थोडे वर उचलले गेले, बोटं फाकली, आणि तळव्यावर काहीतरी आदळावं तसा चापटीचा आवाज झाला. मी समोर बसलेली, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचे तळहात लाल झाले. खोलीत ओल्या गवताचा वास सुटला होता. हलवून उठवावं असं वाटत होतं, पण उठवलं तर काय होईल या धास्तीने हात पुढे होईना.

ते आपण होऊनच जागे झाले. मला बघून दचकले नाहीत. टॉवेल मागितला, डोकं पुसलं, आणि मग म्हणाले, "पाहिलंस का? बरं झालं. मला सांगायला जमत नव्हतं."

त्यांनी जे सांगितलं ते असं. प्राध्यापक येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा डोळा लागला आणि ते मैदानाच्या कडेला उभे होते. धुकं तसंच होतं. आत खेळ चालला होता. चेंडूला पाय लागल्याचा आवाज, धापा, मधूनच कुणाची तरी हाक. आधी त्यांना वाटलं, स्वप्न आहे. मग धुक्यातून त्यांच्या संघातला सेंटर हाफ पळत आला. हा सेंटर हाफ दम्याने जाऊन सात वर्षं झाली होती, बाबा त्याला पोचवून आले होते. तो धापा टाकत होता आणि बाबांकडे बघून चिडून म्हणाला, उभा काय राहिलास?

"जे गेलेत ते सगळे तिथे आहेत," बाबा म्हणाले. "जो ज्या वयात गेला, त्या वयाचा. नदीपलीकडच्या संघातले बहुतेक लढाईत गेले. वीस, बावीस, चोवीस. हरणासारखे पळतात गं. आणि आमचे सगळे संसार करून गेलेले. कुणाला दमा, कुणाची कंबर धरलेली. उजव्या बॅकला तर दिसतही नाही नीट."

मी विचारलं, "पण तुम्ही तर जिवंत आहात. तुम्ही का जाता?"

"गोल रिकामा होता, बयो. रिकामा गोल टाकून कसं यायचं?"

मी म्हटलं, एखादा गोल होऊ द्या. सुटाल. ते म्हणाले, तेही मनात आलं. त्या पोरांकडे बघून तर रोज येतं. आपण पेन्शन घेतली, नातवंडं बघितली, त्यांनी काय बघितलं? एक गोल घेऊन जाऊ देत. "पण चेंडू आला की हात ऐकत नाहीत. डोकं म्हणतं सोड, आणि हात जातातच."

कुणी म्हणेल की म्हातारपणी डोक्यात भ्रम शिरतात, आणि मुलगी भोळी. मीही तसं म्हणून बघितलं. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक हलकी गोळी दिली. पण मग एका संध्याकाळी चहा पिताना बाबा सहज म्हणाले की आज आपला डावा बॅक आला. फार सुटलाय, त्याच्याच्याने पळवत नाही. डावा बॅक म्हणजे त्यांचा दोस्त, शिंपीकाम करायचा, दूरच्या गावी लेकाकडे राहत होता. तो आजारी असल्याचं आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांचा फोन आला. शिंपीकाका आदल्या दिवशी सकाळी गेले होते. मी फोन ठेवला आणि बाबांना काही सांगितलं नाही. त्यांना सांगण्यासारखं त्यात नवीन नव्हतं.

डागांपेक्षा मला त्यांच्या दमण्याची काळजी जास्त होती. दर दुपारनंतर त्यांची नाडी ऐकायला नको अशी धावत असे. झोपू देऊ नये म्हणून मी जंग जंग पछाडलं. दुपारी त्यांना क्लिनिकमध्ये घेऊन जायचे, पेशंटच्या खुर्चीत बसवायचे, रेडिओ लावायचे. तर एका दुपारी व्यायामाच्या दांड्यांपाशी बसल्या बसल्या त्यांची मान खाली गेली. त्या वेळी तिथे गुडघा बदललेल्या एक आजी चालायचा सराव करत होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, पंखा कमी करा हो, किती गार वारं येतंय. पंखा बंदच होता.

शेवटी मी विचार केला की सामना कुणीतरी संपवायला हवा, आणि सामना संपवणारा माणूस एकच असतो. मी प्राध्यापकांना रेफरीबद्दल विचारलं. ते म्हणाले, आहेत अजून, नव्वदीला टेकलेत, पण बुद्धी शाबूत आहे. रेफरी तिसऱ्या देशाचे, धंद्याने दातांचे डॉक्टर. एका रविवारी मी बोटीने उपसागर ओलांडून त्यांच्याकडे गेले.

खाली बंद पडलेला दवाखाना, वर घर. सुनेने मला आत घेतलं. आमच्या भाषा एकमेकींना कळण्याइतक्या जवळच्या आहेत, त्यामुळे अडचण आली नाही. डॉक्टर खिडकीशी बसले होते. किडकिडीत, ताठ, कोट घातलेला. मी कुणाची मुलगी ते सांगताच त्यांनी सुनेला चहा करायला पाठवलं, आणि ती आत गेल्यावर विचारलं, "ते अजून खेळतायत ना?"

मला काही समजावून सांगावंच लागलं नाही. ते म्हणाले की मला इथे बसून ऐकू येतं. रोज नाही, पण दुपारी वारा पडला की. चेंडू बाहेर गेला की कुणीतरी विचारतं, किती राहिलं? आणि उत्तर द्यायला कुणी नसतं. त्या दिवशी संघटनेचे लोक माझ्या मागे लागले होते की दोघांनाही विजयी ठरवा आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, नियमात बसत नाही. उरलेला खेळ उद्या होईल. "मी सामना थांबवला, संपवला नाही," ते म्हणाले. "दोन्हींत फरक आहे. आता तो मलाच भोवतोय."

मी हात जोडून म्हटलं, मग आता संपवा. इथून संपवा. एक शिट्टी वाजवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी दयेने. "बाळ, रेफरीने मैदानाबाहेरून वाजवलेली शिट्टी ही शिट्टी नसते. मी काय वाजवून बघितली नसेन? मी तिथे गेलो तरच काही होईल. आणि तिथे जायचा रस्ता तुझ्या वडिलांसारखा मला सापडत नाही. मला एकच रस्ता आहे."

सून चहा घेऊन आली. आम्ही दातांच्या कवळ्यांवर बोलत चहा प्यायलो.

यानंतरचे दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी मी त्या सुनेला फोन करायची. तब्येत कशी आहे, जेवतात का, खोकला थांबला का. ती बिचारी भारावून जायची. म्हणायची, ताई, सख्खे विचारत नाहीत एवढं तुम्ही विचारता. आणि इकडे फोन ठेवला की मला माझीच किळस यायची. एक भला माणूस कधी जातो याची मी वाट बघत होते. बरं, त्याच्याही पुढची भीती होती. सामना संपला की बाबांना परत यायची वाट सापडेल का, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. बाबा तर दिवसागणिक वाळत चालले होते. त्यांच्या बरगड्यांवर आता जुने डाग आणि नवे डाग वेगळे ओळखू येत नव्हते.

थंडी सरता सरता एका सकाळी सुनेचा फोन आला. तिचा आवाज ऐकताच मला कळलं. पहाटे झोपेतच गेले. तिने रडत रडत सांगितलं की काल रात्री त्यांनी कोटाच्या आतला पांढरा सदरा इस्त्री करून मागितला होता, कशाला ते सांगितलं नाही. मी तिचं सांत्वन केलं. काय बोलले कोण जाणे.

त्या दिवशी मी कामावर गेले नाही. बाबांना काही सांगितलं नाही, पण त्यांनी नेहमीपेक्षा कमी जेवण घेतलं आणि बोटं एकेक करून मोडली. खेळाडू तसं करतात. मग ते खुर्चीत बसले. मी त्यांच्यासमोर स्टूल घेतलं आणि त्यांच्या गुडघ्यांवर माझे हात ठेवले. कशासाठी ते मला सांगता येणार नाही. बहुतेक ते जाऊ लागले तर कळावं म्हणून.

गारवा आला. या खेपेला आवाज मलाही आले. फार लांबून, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं भांडण चालावं तसे. धावण्याचे, धापांचे. बाबांचे गुडघे माझ्या हाताखाली ताठले. त्यांचं डोकं डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं. सगळं अंग पुढे झुकलं आणि मला वाटलं हे आता खुर्चीतून पडतात. मग ते एका जागी थबकले. हात अर्धे उचललेले, बोटं फाकलेली. चापटीचा आवाज झाला नाही. त्यामागोमाग, कुठून ते कळलं नाही, पण खोलीतल्या खोलीत एक लांबलचक शिट्टी वाजली आणि स्वयंपाकघरात बाईंच्या हातून भांडं पडलं.

बाबा जागे झाले नाहीत. श्वास चालू होता, नाडी हळू पण नीट होती, पण हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या, तरी पापणी हलेना. मी अँब्युलन्सला फोन लावायला उठले, तर मागून त्यांनी माझा हात धरला. हात बर्फासारखा होता.

"दोन-एक," ते म्हणाले. "हरलो."

त्यांना पांघरूण घालून, गरम पाणी देऊन झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. आज धुक्यात रेफरी आला. पांढरा सदरा, म्हातारा, पण तसाच ताठ. आल्या आल्या सगळ्यांना दिसेल असं बोट वर केलं की थोडंच राहिलंय. मग पलीकडच्या संघाचा फॉरवर्ड चेंडू घेऊन एकटा सुटला. हा त्यांच्यातला सगळ्यात लहान, मिशीसुद्धा न फुटलेला. सामन्याच्या आदल्या दिवशी सरावाच्या मैदानावर त्याने बाबांना विचारलं होतं, पेनल्टीच्या वेळी तुम्ही आधी कुठे बघता, आणि बाबांनी हसून सांगून टाकलं होतं. लढाईत पहिल्या महिन्यातच तो गेला. "तो समोर आला. मी पुढे झालो. मग काय झालं, बयो, मला सांगता येत नाही. हात उशिरा गेले का मी जाऊ दिले नाहीत, ते मलाच माहीत नाही."

मी विचारलं, मग इतका वेळ का लागला परत यायला?

ते म्हणाले की शिट्टी झाल्यावर धुकं उठलं, तर मैदानात कुणीच नव्हतं. बाहेर जायचं दार कुठे ते आठवेना. चारी बाजूंनी सारखीच रिकामी बाकं. म्हणून ते सरळ चालत राहिले, समोरच्या गोलापर्यंत. तिथे एक म्हातारा उभा होता. टक्कल, जाड चष्मा, हातात मोजे. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्याने एका बाजूला बोट दाखवलं आणि बाबा तिकडून बाहेर पडले.

डाग हळूहळू पिवळे पडून विरले. नवे आले नाहीत. बाबा दुपारी झोपू लागले, घोरूही लागले, आणि ते घोरणं ऐकायला मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. प्राध्यापकांचं पुस्तक छापून आलं. त्यात शेवटच्या वर्षापुढे 'अपूर्ण' असंच आहे. बाबांनी ते पान बघितलं आणि पुस्तक उशाशी ठेवलं.

वसंतात एक फोन आला. नदीपलीकडचा नंबर. एका तरुण मुलीने अडखळत विचारलं की इथे कुलूप नावाचे कुणी राहतात का, माझे आजोबा समोरच्या संघाचे गोलकीपर होते, त्यांना बोलायचंय; पुस्तकवाल्या प्राध्यापकांनी हा नंबर दिला. त्यांच्या गोलकीपरचं नावही आमच्या घरात कधी निघालं नव्हतं, आणि तो जिवंत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी फोन बाबांना दिला. ते बराच वेळ नुसतं ऐकत होते. मग म्हणाले, "हो. दोन-एक. हो, बरोबर." त्यानंतर पुन्हा ऐकत राहिले, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

फोन ठेवल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथूनच, बाहेर बघत, त्यांनी सांगितलं. शिट्टीनंतर, धुकं उठायच्या आत, त्या गोलकीपरने सगळ्यांना आपल्या समोरून जाताना पाहिलं होतं. आमचे म्हातारे एकेक करून गेले, पलीकडच्या संघाची पोरं गेली. सगळ्यांना कुठे जायचं ते ठाऊक असल्यासारखी. फक्त तो फॉरवर्ड मागे राहिला. तो गोलकीपरपाशी आला आणि म्हणाला, दादा, आता कुठे जायचं? गोलकीपरला काय सांगावं ते सुचेना, म्हणून त्याने म्हटलं, घरी जा. पोरगं मान हलवून निघून गेलं.

"त्याचं घर कुठे होतं ते प्राध्यापकांना विचारशील का?" बाबा म्हणाले.

मी विचारलं. प्राध्यापकांनी दोन दिवसांनी शोधून सांगितलं. नदीकाठची छोटी वस्ती होती, अगदी सीमेवर. लढाईत जळाली, उरलेली माणसं पांगली, आणि नंतर तिथे धरण झालं. ती जागा आता पाण्याखाली आहे. हे मी बाबांना सांगितलेलं नाही.

बाबा अधूनमधून विचारतात, प्राध्यापकांचा काही फोन? मी म्हणते, शोधतायत. ते मान हलवतात आणि पुन्हा खिडकीबाहेर बघतात. दुपारी झोपताना, ते पोरगं आलंच तर म्हणून, खोलीचं दार उघडं ठेवायला सांगतात, आणि मी ते ठेवते.